ताट मोकळं करायची घाई

जळगावच्या एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये धातूची छपाई करणारं मशीन आलं, त्या दिवशी शेठनी त्याला हार घातला आणि नारळ फोडला. नारळाचं पाणी नेमकं त्या काचेवर उडालं जिच्यातून आतलं काम बघायचं असतं. मी ओढणीने ती काच पुसली. हे मशीन चालवायला मी पुण्याची नोकरी सोडून आले होते, असं सगळ्यांना सांगत असे. खरं तर मी मशीनसाठी आले नव्हते, आबांसाठी आले होते.

आबा म्हणजे माझे वडील. धुळ्याला एकटे राहतात. आई मी बारावी झाले त्याच वर्षी गेली. आबांचं वेल्डिंगचं दुकान होतं, हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी ते स्वतःच बंद केलं. धुळं सोडायचं नाव काढलं की ते चपला घालून बाहेर निघून जातात. पुण्याहून मी दिवाळीला आणि एखाद्या लग्नाला यायची. जळगावहून मात्र शनिवारी दुपारी एसटीत बसलं की एरंडोल, पारोळा करत दिवस मावळायच्या आत धुळं. रविवारी संध्याकाळच्या गाडीने परत. एवढं जवळ येता आलं ते या मशीनमुळे.

मशीनचं काम ऐकायला गमतीचं आणि बघायला कंटाळवाणं. पोलादाची पिठासारखी बारीक पूड एका जाड लोखंडी पाटावर पसरायची, केसाएवढा थर. हवी तिथे लेझरने वितळवायची. पुन्हा पूड, पुन्हा लेझर. असे हजारो थर झाले की दोन-तीन दिवसांनी पुडीत गाडलेली वस्तू हाती लागते, पाटाला घट्ट धरून बसलेली. त्या पाटाला आमच्या शेडमध्ये पहिल्या दिवसापासून सगळे ताट म्हणत. ताट लावा, ताट काढा, ताट मोकळं करा.

आता यातली मेख अशी. वितळलेला थर डोळ्याचं पातं लवायच्या आत गार होतो आणि गार होताना आकसायला बघतो. खालचा थर आधीच गार होऊन बसलेला असतो, तो काही याला आकसू देत नाही. वरचा ओढतो, खालचा अडवतो. असे सगळे थर एकमेकांना ओढून धरलेले, आणि बाहेरून वस्तू दिसते अगदी शहाण्यासारखी सरळ, कारण खालून ताटाने तिला धरलेलं असतं. ताटावरून कापली की आत अडकलेला ताण सुटतो आणि वस्तू वाकते, नाहीतर तडकते. उपायही ठरलेला आहे. वस्तू ताटासकट भट्टीत घालायची, तापवायची, तशी ठेवायची, भट्टीतच हळूहळू गार होऊ द्यायची आणि मगच कापायची.

हे सगळं मला माहीत होतं. आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते अडाणीपणातून झालं नाही.

आमचं पहिलं मोठं काम होतं ठिबकच्या ड्रिपरचा साचा. तो गार राहावा म्हणून त्याच्या पोटातून पाणी खेळवायला वळणावळणाच्या वाटा हव्या होत्या, ड्रिलने त्या पडल्या नसत्या. छपाईने त्या सहज होत होत्या, म्हणून तर मशीनचं एवढं कौतुक. पण आमच्याकडे ताटं दोनच. एक बिघडलं, खरवडायला गेलं, की उरलं एक. शेठच्या घराण्याचं तीन पिढ्यांचं भांड्यांचं दुकान. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले ते पितळेची भांडी घेऊनच. माल एका जागी अडकून पडला की शेठचा जीव खालीवर होतो. त्यातून शेजारच्या गाळ्यातल्या चाचांची भट्टी लहान तोंडाची, आमचं ताट त्यात मावत नव्हतं. मावायचं तर पुढची विटांची ओळ काढावी लागली असती आणि चाचांचं बाकीचं काम तीन दिवस बंद.

शेठ म्हणाले, “मॅडम, आधी कापून घ्या, मग भाजा. भाजणं तर तेच ना? ताट मोकळं होईल.”

मी म्हणाले, “बघू.”

या ‘बघू’ची मला आजही लाज वाटते. मला ‘नाही’ म्हणायचं होतं. नवी नोकरी, नवा मालक, आणि बाई माणूस कामात नाटकं करते असं ऐकायची भीती. म्हणून बघू.

वीज खेळवलेल्या बारीक वायरने साचा ताटावरून कापत आणला. शेवटचं बोटभर उरलं असताना ‘टण्’ असा आवाज झाला आणि एक कोपरा वर आला. आई गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायची, त्या अर्धवट ओल्या असतानाच मी उचलायला जायची आणि त्यांच्या कडा अशाच वळायच्या. तेव्हा पाठीत धपाटा बसायचा. इथे सगळे नुसते त्या कोपऱ्याकडे बघत राहिले. मग आम्ही तो वाकडा साचा भट्टीत घातला, जसा काही तो तिथे जाऊन सुधारणार होता. वाकडा गेला आणि वाकडाच बाहेर आला.

दुसऱ्या वेळी मी खालचे आधार जाड केले. लेझर एका दमात सगळीकडे न फिरवता तुकड्यातुकड्याने फिरवला, एक इथे, एक तिथे. वाकणं कमी झालं. पण कापताना परत आवाज आला, या वेळी बारीक. वरून काही दिसेना. पाण्याचा दाब दिला तेव्हा एका वळणाशी थेंब आला, मग दुसरा. शेठनी रुमालाने तो थेंब टिपला, जणू पुसल्याने तो थांबणार होता.

“मॅडम,” ते म्हणाले, “पुण्याचे भागीदार म्हणतात, तिसरं बिघडलं तर मशीन तिकडे घेऊन जाऊ. तुम्ही टेन्शन घेऊ नका. तुमची नोकरी पक्की आहे. फक्त गाव बदलेल.”

त्यांनी ते माझं समाधान व्हावं म्हणून सांगितलं होतं. मी मान हलवली, बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले. मशीन पुण्याला गेलं की मीही पुण्याला, आणि आबा पुन्हा दिवाळीपुरते.

त्या शनिवारी मी पहिला वाकलेला साचा पिशवीत घालून एसटीत बसले. पिशवी मांडीवर घेतली तर कंडक्टर म्हणाला, “ताई, त्यात काय दगडं भरले का?” मी म्हटलं, तसंच समजा.

आबांच्या दुकानाचं शटर आता फक्त मी आले की उघडतं. आत काहीच बदललेलं नाही. भिंतीवर काटकोन तपासायचा, काळा पडलेला लोखंडी गुण्या, कोपऱ्यात गंजलेले क्लॅम्प, आणि दाराशी राखेचा ड्रम. त्या ड्रमवर माझं लहानपण गेलं म्हटलं तरी चालेल. गावोगावचे शेतकरी पंपाचं फुटलेलं बीड घेऊन यायचे. बीड म्हणजे ओतीव लोखंड, फार रागीट जात. एका जागी तापवून जोडलं आणि उघड्यावर ठेवलं, की शेजारी नवी चीर जाते. आबा ते आधी शेणाच्या गोवऱ्यांत सगळं तापवायचे, मग थोडं जोडायचे, हातोडीने हलकं ठोकायचे, परत थोडं जोडायचे. झालं की तसंच लालसर असताना राखेत पुरायचे. मग हात पुसत म्हणायचे, “सकाय ये, भाऊ. सकाय ली जाजो.”

सकाय म्हणजे आमच्या अहिराणीत उद्या. शेतकरी चिडायचा. विहिरीवर पाणी भरायचं खोळंबलंय, बैलगाडी भाड्याने आणलीय, घरचे वाट बघताहेत. आबा ऐकून घ्यायचे, चहा मागवायचे, आणि चहा पिऊन झाला की परत तेच, सकाय. ट्रॉलीची चौकट जोडली तरी क्लॅम्प सोडायचे नाहीत, हात लावून बघायचे, अजून बसू द्या म्हणायचे. बाजूच्या दुकानात लगेच काम मिळायचं. काही गिऱ्हाइकं तिकडे गेली, त्यातली बरीचशी फुटकं बीड घेऊन परत आली. आमच्या गल्लीत आबांना ‘सकायवाले’ म्हणत. शाळेतल्या मुली मला विचारायच्या, तुझे वडील जेवायला बसले की पण सकाय म्हणतात का? मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता तो ड्रम बघितला की त्या राखेचा ऊबदार वास नाकात येतो आणि वाटतं, एकदा, एकदाच तो कोणी रागावलेला भाऊ दारात उभा राहावा आणि आतून ते ‘सकाय’ ऐकू यावं.

आबांनी साचा मांडीवर घेतला. वर आलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

“बांधेल व्हतं तवपर्यंत सरळ व्हतं ना?”

“हो, आबा.”

“आनि सोडं ते वाकं.”

“हो.” मी त्यांना ताटाचं सगळं सांगितलं. आबा माझ्याशी अहिराणीत बोलतात आणि मी पुस्तकी मराठीत उत्तर देते, पुण्याला गेल्यापासून असंच चाललंय. पुडीचं, लेझरचं मी सांगत होते तेव्हा त्यांनी मध्येच हात वर केला. त्यांना तेवढं पुरलं होतं.

“ताट कोनं शे?”

“शेठचं.”

“शेठले काय सांगं तू?”

“काही नाही. बघू म्हणाले.”

आबा हसले. दात पडल्यापासून त्यांचं हसू फार खोडकर दिसतं. “सकाय म्हनता येत नही का तुले?”

मला राग आला. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे आता फक्त आबांना. मी म्हणाले, “तुमच्यासारखं सगळ्यांना अडकवून ठेवून आता चालत नाही, आबा.”

तोंडातून गेलं आणि मीच चपापले. कारण हे वाक्य मी त्यांना आधी एकदा ऐकवलेलं होतं, याहून वाईट शब्दांत.

आई गेली तेव्हा माझा पुण्याला कॉलेजात नंबर लागलेला होता. तेरावं झालं त्या संध्याकाळी मी बॅग भरली. मला त्या घरातून पळायचं होतं, दुसरं काही नाही. आईचं लुगडं दोरीवर होतं, तिचा चष्मा खिडकीत होता, आणि मला कुठल्याच वस्तूकडे बघवत नव्हतं. सकाळी निघते म्हटलं तर आबा म्हणाले, “सकाय जाय.” दुसऱ्या दिवशीही सकाय. तिसऱ्या दिवशीही. मला ते रोज दुकानात नेऊन बसवायचे, वेल्डिंगवरची पापडी ठोकून काढायला छोटी हातोडी द्यायचे. बोलायचे काहीच नाहीत. मी ठोकत बसायची आणि आतून धुमसायची. असे आठ दिवस. वसतिगृहातली माझी खोली तेवढ्यात दुसऱ्या कोणाला मिळाली. आठव्या दिवशी मी त्यांना म्हणाले, “तुम्हाला भाकरी टाकायला माणूस पाहिजे, म्हणून मला अडकवून ठेवलंय.” आबांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला स्वतः स्टँडवर नेऊन बसवलं.

त्या बोलण्याची मी कधी माफी मागितली नाही. त्यांनी कधी आठवण काढली नाही. गेलं ते गेलं असं मी धरून चालले.

सोमवारी मी शेठच्या केबिनमध्ये गेले. बसा म्हणाले तरी बसले नाही, बसले असते तर परत ‘बघू’ निघालं असतं.

“तिसरा साचा ताटासकट भट्टीत जाईल,” मी म्हणाले. “ताट तीन दिवस अडकेल. चौथ्या दिवशी सकाळी कापेन, त्याआधी वायर लावू देणार नाही.”

“तीन दिवस मशीन बंद?”

“हो.”

“आणि तरी वाकलं तर?”

“तर मी पुण्याला जाते, शेठ. पण घाईने कापून वाकलं म्हणून नाही जाणार.”

शेठ बराच वेळ पेनचं टोपण उघडत-मिटत राहिले. मग त्यांनी फोन उचलला आणि चाचांना म्हणाले, “विटा काढा.”

चाचांनी विटांची ओळ स्वतःच्या हाताने काढली, ताट आत सरकवलं आणि फटी मातीने लिंपल्या. नळीने आत गॅस सोडला, हवा लागून काम काळं पडू नये म्हणून. मला म्हणाले, “बेटी, अब तुम भी बोलोगी तो नहीं खोलूँगा. हाथ लगाके देखूँगा, तभी.” मला वाटलं धुळ्याचाच कोणी माणूस बोलतोय. शेठ मात्र राहवेना म्हणून दिवसातून दोनदा यायचे, भट्टीच्या दाराला लांबूनच हात दाखवून बघायचे आणि आमच्यासाठी चहा मागवून जायचे. मीही काही शांत बसले नव्हते. गार होण्याच्या त्या दिवसांत मी शेड तीनदा झाडली.

चौथ्या दिवशी सकाळी चाचांनी दार उघडलं. ताट हाताला गार लागलं. वायर लावली. कापत कापत शेवटचं बोटभर उरलं तेव्हा मी कान एवढे टवकारले की मशीनच्या पंख्याचा आवाजही मोठा वाटायला लागला. धातूचा शेवटचा धागा तुटला. काहीच आवाज नाही. साचा ताटावर तसाच बसून राहिला, सुटला आहे हे त्याला कळलंच नसावं.

“आवाज नाही आला,” शेठ म्हणाले.

“नाही.”

“मग? चांगलं की वाईट?”

मी उंची मोजायचा डायल लावून चारही कोपरे तपासले. पाण्याचा दाब दिला. बाहेर एक थेंब नाही. तेव्हा कुठे मी म्हणाले, “चांगलं.” शेठनी चाचांना मिठी मारली आणि पांढऱ्या सदऱ्याला काळे डाग पाडून घेतले. साचा गिऱ्हाइकाकडे गेला, चालला, आणि मशीन जळगावलाच राहिलं. भागीदारांचा परत काही फोन आला नाही.

त्यानंतरच्या शनिवारी माझ्या पिशवीत एक नमुन्याची पट्टी होती, साच्याबरोबरच त्याच ताटावर छापलेली, वीतभर लांब. आबांनी दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, ती मागितली. शटर उघडलं, भिंतीवरचा गुण्या काढला, पुसायला माझ्याकडे दिला. मी ओढणीने पुसला. पट्टी आणि गुण्याची धार एकमेकांना लावून उजेडाकडे धरायची, मधून उजेड दिसला तर काम वाकडं. पण त्यांचा हात थरथरत होता, पट्टी ठरेना. मग मी दोन्ही धरलं आणि त्यांनी डोळा लावला. इतकी वर्षं ते धरायचे आणि मी बघायची.

ते खूप वेळ बघत राहिले. “सरळ शे,” म्हणाले. “बठ्ठं सरळ शे.” बठ्ठं, म्हणजे सगळंच.

गाडीची वेळ होत आली होती. मी बॅग खांद्याला लावली, दारापर्यंत गेले, आणि राखेच्या ड्रमपाशी थांबले. आता नाही विचारलं तर कधीच विचारणार नाही, हे मला कळत होतं.

“आबा, आई गेली तेव्हा तुम्ही मला आठ दिवस का थांबवलं?”

त्यांनी गुण्या खिळ्याला अडकवला. थरथरत्या हाताने दोनदा हुकला, तिसऱ्यांदा बसला.

“तू तपेल व्हती, माय,” ते म्हणाले. “तशी कशी सोडू तुले?”

मी म्हणाले, “आणि मी तुम्हाला तसं बोलले. भाकरीचं.”

“बोलनी.” ते हसले, तेच खोडकर हसू. “पन तवय भाकरी कोन टाके?”

आणि मला ते सगळं दिसलं. चुलीपुढे उकिडवे बसलेले आबा, कोपरापर्यंत पिठाने भरलेले हात, एका बाजूने करपलेली, दुसरीकडे कच्ची राहिलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, आणि माझ्या ताटात त्यातल्या त्यात बरी. आठही दिवस. मी ती खाल्ली होती आणि मला एकदाही दिसली नव्हती.

मी बॅग खांद्यावरून काढून त्या ड्रमवर ठेवली.

“सकाय जासू, आबा,” मी म्हणाले.